अनुराधपूरचा अफाट हिशेब

कागद-पेन्सिल घ्या आणि चला श्रीलंकेतल्या अनुराधपूरला! सुमारे तेराशे वर्षं राजधानी राहिलेलं हे शहर नुसतं डोळ्यांनी बघून भागत नाही. इथे पावलोपावली गुणाकार करावे लागतात.

पहिला मुक्काम श्री महाबोधी. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिनं बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इथे आणली, असं परंपरा सांगते. ती रुजली, वाढली, आणि तो पिंपळ आजही पालवतोय! वय सव्वादोन हजार वर्षं. म्हणजे किती? शिवराज्याभिषेक १६७४ सालचा, त्याला साडेतीनशे वर्षं झाली. असे सहा काळ एकापुढे एक जोडा, तरी झाडाचं वय शिल्लक उरतंच!

शेजारीच लोहप्रासाद. प्रासाद गेला, दगडी खांब राहिले. ४० रांगा, रांगेत ४० खांब, एकूण १,६००. एकेका खांबापाशी फक्त एक मिनिट थांबा. सगळे बघायला साडेसव्वीस तासांहून जास्त लागतील! तेवढ्यात डेक्कन क्वीन मुंबई-पुणे अंतर आठ वेळा कापेल.

आता मान वर करा. हा जेतवन स्तूप! तिसऱ्या शतकाच्या अखेरीस राजा महासेनानं बांधायला घेतला, त्याच्या मुलानं पुरा केला. मूळ उंची सुमारे १२२ मीटर. मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया २६ मीटरचं. तशी चार एकावर एक चढवली तरी स्तूपाचं टोक वरच! त्या काळी याहून उंच होते ते गिझाचे दोन पिरॅमिड. माथा ढासळून आज ७१ मीटर उरलाय, तरी कुतुबमिनाराच्या खांद्याला खांदा लावतो.

आणि विटा? ९ कोटी ३३ लाख! सेकंदाला एक या वेगानं, न झोपता, न जेवता मोजत बसा. जवळजवळ तीन वर्षं लागतील. आपली नऊ इंची वीट धरून ओळीनं मांडत गेलो, तर रांग एकवीस हजार किलोमीटरांच्या पुढे जाते. पृथ्वीचा अर्धा वेढा पुरा! मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर ११० रांगा लागतील. वीट तीन किलोची आणि मालगाडी चार हजार टनांची धरा, सत्तर मालगाड्या भरतील. सातशे मीटरची एकेक गाडी एकामागे एक लावली, तर पहिलं इंजिन मुंबईच्या सीएसएमटीला आणि शेवटचा डबा डोंबिवलीत! वीट दहा रुपयांना पडली, तर नुसत्या विटांचेच ९३ कोटी ३० लाख रुपये. गवंड्याची मजुरी अजून धरलेलीच नाही!

पुढे अभयगिरी विहाराचा हत्ती तलाव. १५९ मीटर लांब, ५३ मीटर रुंद, साडेनऊ मीटर खोल. मावणारं पाणी साडेसात कोटी लिटर. दहा हजार लिटरचे साडेसात हजार टँकर! वीस फूट व्यासाच्या, तेहतीस फूट खोल, काठोकाठ भरलेल्या विहिरी मोजायच्या तर अडीचशेहून जास्त! पाचव्या शतकात आलेल्या फाहियान या चिनी प्रवाशानं इथे पाच हजार भिक्षू असल्याचं लिहून ठेवलंय. प्रत्येकानं रोज वीस लिटर वापरलं, तरी एकदा भरलेला तलाव दोन वर्षं पुरला असता!

पण थांबा, श्वास राखून ठेवा. इथला सर्वांत थक्क करणारा आकडा सर्वांत छोटा आहे. पाचव्या शतकात राजा धातुसेनानं कलावेवा या विशाल तलावातून अनुराधपूरच्या तिसावेवापर्यंत कालवा काढला. नाव जयगंगा, लांबी ८७ किलोमीटर. पहिल्या २७ किलोमीटरांत त्याचा उतार आहे किलोमीटरला जेमतेम दहा सेंटिमीटर. चर्चगेटहून गोरेगावला जाण्याएवढ्या अंतरात पाणी फक्त एक मजला खाली उतरतं! पंधराशे वर्षांपूर्वी, दुर्बीण नाही, उपग्रह नाही, आणि हातभराची चूकसुद्धा परवडणारी नाही. पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटरांवर. याच उतारानं पुण्याचं पाणी समुद्राला न्यायचं ठरवलं, तर कालवा किती लांब लागेल? मुंबई-पुणे रेल्वेमार्गाएवढा, १९२ किलोमीटर? छे! ५,६०० किलोमीटर! दिब्रुगड ते कन्याकुमारी हा देशातला सर्वांत लांब रेल्वेप्रवास सुमारे ४,२०० किलोमीटरांचा. तो अख्खा संपेल, आणि आपलं पाणी समुद्रापासून अजून १,४०० किलोमीटर दूर असेल!