एचआयव्ही : पेशी नेमक्या मरतात कशाने?

‘मला काहीच त्रास नाही, वजनही चांगलं आहे, मग रोज गोळी कशाला?’ एचआयव्हीचं निदान नुकतंच झालेली अनेक माणसं हा प्रश्न विचारतात. त्यात वावगं काही नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत डॉक्टरही ‘सीडी४ उतरेपर्यंत थांबू या’ असंच सांगत. आपल्याकडे २००४ मध्ये सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा लक्षणं नसलेल्या रुग्णाला हा आकडा २००च्या खाली गेल्यावरच औषधं मिळत. पुढे ही रेषा वर सरकत गेली आणि २०१७ मध्ये पुसूनच टाकली. आता निदान झालं की उपचार सुरू.

सीडी४ ही पांढऱ्या पेशींतली मुकादम. ती स्वतः सहसा जंतू मारत नाही; कोणी हल्ला करायचा, प्रतिपिंडं कधी बनवायची, हे इतर पेशींना सांगते. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात अशा साधारण ५०० ते १५०० पेशी असतात. एचआयव्ही नेमक्या याच पेशींना धरतो. त्या २००च्या खाली गेल्या, की एरवी निरुपद्रवी असणारी बुरशीसुद्धा फुप्फुसात किंवा मेंदूत घर करते.

इथवरचं बहुतेकांना ठाऊक असतं. कोडं पुढे आहे. विषाणू जोमाने वाढतो आहे अशा पेशी शोधायला गेलं, तर त्या फार थोड्या सापडतात. मग बाकीच्या मरतात कशाने?

सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेत वॉर्नर ग्रीन आणि सहकाऱ्यांनी हे टॉन्सिलच्या ऊतींमध्ये तपासलं. त्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मरणाऱ्या सीडी४ पेशींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक पेशींत विषाणूचा शिरकाव अर्ध्यावरच अडला होता. त्या पेशी विश्रांतीत असतात, त्यामुळे विषाणूला आपला डीएनए पुरता तयार करता येत नाही. पण पडलेले अर्धवट तुकडे पेशीला जाणवतात, ती धोक्याची घंटा वाजवते आणि स्वतःला पेटवून घेते. या मरणाला ‘पायरोप्टोसिस’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘पायर’ म्हणजे आग. पेशी फुटते, तिच्यातली दाहक रसायनं बाहेर पडतात आणि ती हाक ऐकून आणखी सीडी४ पेशी तिथे धावत येतात. आग विझवायला आलेलेच जळतात, असा हा प्रकार.

पश्चिम आफ्रिकेतली सूटी मँगबे माकडं याची दुसरी बाजू दाखवतात. त्यांच्या रक्तात एचआयव्हीच्या जातीचाच विषाणू भरपूर असतो, तरी त्यांना सहसा एड्स होत नाही. सुरुवातीनंतर त्यांची प्रतिकारयंत्रणा शांत होते. माणसाची होत नाही. त्यात आपल्या आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशी पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या संख्येने नष्ट होतात. मग अस्तर झिरपतं, आतड्यातल्या जिवाणूंचे अंश रक्तात येतात आणि धुमसणं चालूच राहतं. रक्ताच्या तपासणीत आकडा ६०० दिसला, तरी आतड्यात काय चाललंय ते त्यावरून कळत नाही.

‘त्रास नाही तर गोळी कशाला’ याचं उत्तर इथे आहे. ३५ देशांत ४,६८५ जणांवर झालेल्या ‘स्टार्ट’ चाचणीत सगळ्यांचा सीडी४ आकडा ५००च्या वर होता. त्यातल्या निम्म्यांना लगेच औषधं दिली, उरलेल्यांना थांबवलं. लगेच सुरू केलेल्यांत गंभीर आजार किंवा मृत्यू ५७ टक्क्यांनी कमी आढळले. २०१५ मध्ये हे इतकं स्पष्ट झालं, की थांबलेल्यांनाही औषधं देऊ करण्यात आली.

औषध विषाणूची वाढ रोखतं, त्यामुळे आग बरीच शमते. पूर्ण विझत नाही. म्हणून उपचार नीट चालू असलेल्यांनाही हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त राहतो. तंबाखू, रक्तदाब आणि साखर यांकडे त्यांना अधिक लक्ष द्यावं लागतं. आणि काही सीडी४ पेशींत विषाणू वर्षानुवर्षं झोपून असतो. गोळ्या बंद केल्या, की बहुतेकांत तो काही आठवड्यांतच पुन्हा रक्तात दिसू लागतो.