काटेरी रानातले पक्षी : कॅक्टस रेन

कॅक्टस रेन हा अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील आणि मेक्सिकोतील निवडुंगी रानांचा कायमचा रहिवासी आहे. सोनोरा, चिवावा आणि मोहावी ही वाळवंटे त्याची मुख्य भूमी. अ‍ॅरिझोनाचा हा राज्यपक्षी. अमेरिकेतल्या रेन पक्ष्यांत तो सर्वांत मोठा, म्हणजे सुमारे १८ सेंमी. लांबीचा असतो. तपकिरी डोके, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई आणि छातीवर काळ्या ठिपक्यांची दाटी या खुणांवरून तो चटकन ओळखता येतो. आवाज मात्र खरखरीत आणि एकसुरी.

त्याचे सारे जीवन घरट्याभोवती फिरते. चोया नावाचा निवडुंग त्याला विशेष पसंत. या निवडुंगाला नुसता धक्का लागला तरी त्याचे पेर सुटून काट्यांसकट कातडीत रुतते. रेन त्यातूनच सहज ये-जा करतो. घरटे सुक्या गवताचे, लांबट गोल, वरून झाकलेले असते. बाजूच्या तोंडातून बोळकांडीसारखी वाट आत जाते आणि आत पिसांचे अस्तर असते. अंडी साधारण तीन-चार. मादी सुमारे १६ दिवस ती उबवते, तेवढ्यात नर दुसरे घरटे विणायला घेतो. घरटी केवळ विणीपुरती नसतात. वर्षभर रात्रीचा मुक्कामही त्यांतच होतो, कारण वाळवंटातल्या हिवाळी रात्री चांगल्याच गारठ्याच्या असतात.

घरट्याचे तोंड कोणत्या दिशेला ठेवायचे, यातली त्याची जाण थक्क करणारी आहे. थंडी सरता सरता बांधलेल्या घरट्यांची तोंडे बहुधा गार वाऱ्याकडे पाठ करून असतात. ऐन उन्हाळ्यातली मात्र वाऱ्याच्या दिशेला उघडतात, म्हणजे पिलांना झुळूक मिळते.

पाण्याविना तो दीर्घकाळ राहू शकतो. किडे, कोळी आणि निवडुंगाची फळे यांतूनच त्याची तहान भागते. सकाळी तो जमिनीवरचा पालापाचोळा चोचीने उचलून खालचे भक्ष्य टिपतो. ऊन चढले की सावलीत सरकतो.

काटे असले तरी धोका टळत नाही. काही साप घरट्यात शिरून अंडी-पिले फस्त करतात. चोयातच घरटे करणारा वाकड्या चोचीचा थ्रॅशर रेनची मुक्कामाची घरटी उचकटून टाकतो.

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर मात्र खरे संकट माणसाचे आणि आगीचे आहे. वाढत्या वस्तीने तिथल्या झुडुपी रानाचे तुकडे झाले आणि वणव्यांत निवडुंग जळाले. तिथे हा पक्षी फड्या निवडुंगातही घरटे करतो. महाराष्ट्रात परका असलेला हा निवडुंग मूळचा अमेरिकेचाच. पक्ष्यासाठी आता त्याची मुद्दाम लागवड होते. पण लावलेल्या फडीला घरटे पेलण्याजोगी उंची यायला काही वर्षे जावी लागतात, आणि तोवर या पक्ष्याची सारी भिस्त वणव्यातून वाचलेल्या जुन्या जाळ्यांवरच राहते.