कच्च्या वाटेवर टायरची हवा किती ठेवावी?

ठाणे, कल्याण-डोंबिवलीच्या पक्क्या रस्त्यांवर योग्य असलेली टायरची हवा मुरबाड-शहापूरकडच्या कच्च्या वाटांवर जास्त ठरते. बहुतेक मोटारींत ती थंड टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय असते. नेमका आकडा सहसा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो.

हवा कमी केली की टायर दबतो आणि जमिनीला टेकणारा त्याचा भाग मुख्यतः लांबीने वाढतो. १६०० किलोच्या गाडीत एका चाकावर सरासरी ४०० किलो भार येतो. ३० पीएसआयला हा भार ढोबळमानाने १९० चौरस सेंटिमीटरवर पसरतो. १५ पीएसआयला हिशेबाने ही जागा दुप्पट होते. टायरच्या कडा ताठ असल्याने प्रत्यक्षात थोडी कमी भरते. त्यामुळे चाक कमी रुतते, रबर दगडाच्या आकाराला जुळवून घेते, पकड वाढते आणि धक्केही कमी बसतात. राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९३०च्या सुमारास लिबियाचे वाळवंट मोटारीने पार करताना हाच उपाय वापरला होता.

सुट्या दगडांच्या वाटेवर २२ ते २६, चिखलात १८ ते २२ आणि मऊ वाळूत १५ ते १८ पीएसआय हा सर्वसाधारण अंदाज आहे. भातखाचरांलगतच्या वाटेवर वरचा चिखल पातळ आणि तळ घट्ट असेल, तर हवा फार उतरवू नये. चिखल कापून तळ गाठणारे चाकच तिथे पुढे सरकते. १५च्या खाली गेल्यास वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो.

हवा सोडताना व्हॉल्व्हची पिन थोडी-थोडी दाबावी, दर वेळी गेजने मोजावे आणि एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांत हवा सारखी ठेवावी. हवा कमी असताना टायरच्या कडा बाहेर फुगतात. सह्याद्रीच्या काळ्या दगडाची धार त्यांना सहज चिरते, म्हणून वेग कमी ठेवावा आणि झटक्याने वळू नये.

कल्याण-मुरबाड रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरणे अत्यावश्यक आहे. कमी हवेच्या टायरच्या कडा वेगात सतत दुमडतात, तापतात आणि टायर फुटतो. त्यामुळे १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर सोबत असल्याशिवाय हवा उतरवू नये. धावलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी टायर थंड असताना तो पुन्हा मोजून कंपनीच्या आकड्यावर आणावा.