चार्जिंगला लावली का?

एडिसनहून प्रिन्स्टनला रोज गाडीने जायचं म्हणजे रूट वन आलाच. वीसेक मैलांचा रस्ता आणि एकामागोमाग एक सिग्नल. न्यू जर्सीत या रस्त्याला शिव्या घालणं हा गप्पांचा हक्काचा विषय आहे. माझ्या जुन्या प्रियस प्राइमला, म्हणजे वीज आणि पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या प्लग-इन हायब्रिडला, मात्र तो मानवतो. उभं राहिलं तर इंजिन चालू नाही, आणि ब्रेक दाबला की गेलेल्या वेगातलं थोडंफार बॅटरीत परत जमा होतं.

बॅटरी ८.८ युनिटांची, सरकारी चाचणीनुसार २५ मैल देणारी. गॅरेजमधल्या साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर साडेपाच तासांत भरते, म्हणजे रात्र पुरून उरते. सकाळी जाणं निव्वळ विजेवर होतं. परतीचं गणित ऑफिसातला चार्जर रिकामा मिळतो का, त्यावर. नाही मिळाला तर जेमतेम पाच मैलांची वीज हाताशी उरते आणि ती कुठे खर्चायची ते आपण ठरवायचं. गाडीवर सोडलं तर ती पहिल्याच मोकळ्या पट्ट्यात वीज उडवून टाकते. म्हणून तिथे बटण दाबून हायब्रिडवर घ्यायची आणि वीज घराजवळच्या रांगत्या ट्रॅफिकसाठी राखायची. यातून वाचतात ते पैसे किरकोळच, कारण नुसत्या हायब्रिडवरही ही गाडी गॅलनला ५४ मैल जाते. पण उशाशी पैसे मोजून झोपणाऱ्या माणसाला असतो तसला आनंद मला यात मिळतो.

जानेवारीत सगळा हिशेब विसकटतो. बॅटरी काठोकाठ भरलेली, समोरची काच धुकटलेली. काच साफ करायचं बटण दाबलं की इंजिन खडबडून जागं होतं. पारा उणे दहा सेल्सियसच्या खाली गेला तर नुसत्या हीटरसाठीही तेच, कारण तितक्या थंडीत विजेवर गाडी गरम ठेवणाऱ्या हीट पंपाचं काही चालत नाही. त्यावर तोड एवढीच, की वायर लावलेली असतानाच गाडी आतून गरम करून घ्यायची आणि रस्त्यात सीटच्या हीटरवर भागवायचं.

या साऱ्याच्या मुळाशी एक कंटाळवाणं काम आहे : रोज रात्री मागच्या उजव्या बाजूचं झाकण उघडून, थंडीत ताठरलेली वायर उलगडून ‘टक’ आवाज येईपर्यंत प्लग खुपसणं. ते टाळलं की काय होतं ते युरोपात दिसलं. युरोपियन कमिशनने रस्त्यावरच्या गाड्यांमधली नोंद गोळा करून २०२४ साली अहवाल काढला. त्यात प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्षातलं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. गाड्या म्हणाव्या तितक्या चार्जच होत नव्हत्या. तिकडे यातल्या पुष्कळशा गाड्या कंपनीने दिलेल्या. पेट्रोलचं कार्ड कंपनीचं आणि विजेचं बिल घरचं असेल, तर दमून आल्यावर पावसात वायर कोण उलगडत बसेल?