गुरुमुख आणि दाबमापक

हठविद्या गुप्त राखावी, प्रकट केली असता ती निर्वीर्य होते, असा स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’चा दंडक आहे. हा केवळ गूढतेचा सोस नव्हे. कुंभक किती करावा व कोठे थांबावे, हे शिष्याचे शरीर पाहूनच ठरवावे लागते. तथापि महाराष्ट्रात ही मर्यादा फार पूर्वी ओलांडली गेली. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती या क्रमाने आलेला वारसा ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये मराठीत आणला. ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णन मूळ गीतेत नाही.

दुसरे उल्लंघन मुळशीच्या उत्तरेस, मावळातील लोणावळ्यास घडले. धरणाविरुद्धच्या सत्याग्रहाने (१९२१–२४) मुळशीचे खोरे गाजत होते, त्याच सुमारास, १९२४ साली, जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी तेथे कैवल्यधाम स्थापिले व ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. त्यांचे गुरू परमहंस माधवदास नर्मदातीरी मालसर येथे राहत. त्यांचा सहवास अल्पच लाभला; १९२१ मध्ये गुरू निवर्तले.

बस्तिक्रियेत पाणी आपोआप आतड्यात चढते, ते का, हा कुवलयानंदांचा प्रश्न होता. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, असे त्यांना मापनाने आढळले. या अंशतः निर्वात स्थितीस त्यांनी ‘माधवदास व्हॅक्यूम’ हे नाव दिले. परंपरेत गुरूचे नाव शिष्याच्या मुखी असते. येथे ते दाबमापकावरील अंकास जोडले गेले. यात उपमर्द पाहणारे पाहोत. शिष्याची निष्ठा मात्र निःसंशय आहे.

परंतु त्या अंकाने नौली येत नाही. संपूर्ण रेचक करून, हात मांड्यांवर रोवून, पोट आत ओढल्यावर मधले उभे स्नायू तेवढे पुढे काढावयाचे असतात. नवशिका सारे पोटच ताठ करतो, आणि आपली चूक कोठे होते हे त्यास स्वतःस उमगत नाही. समोर बसलेल्या शिक्षकास ते दिसते. मापनाने कारण सर्वांस खुले झाले, कौशल्य पूर्वीच्याच वाटेने जात राहिले.

१९७० मध्ये कैवल्यधामाने स्वामी दिगंबरजी व पं. रघुनाथशास्त्री कोकजे यांनी संपादिलेली ‘हठप्रदीपिका’ प्रसिद्ध केली. गुप्ततेचा तो श्लोकही अर्थातच तीत छापलेला आहे.