जालन्यातील ख्रिस्ती मंडळी : मंडळीजीवन, वर्धापनोत्सव आणि आरंभाचा प्रश्न

प्रस्तावना

एखाद्या जुन्या चर्चचा शताब्दी महोत्सव साजरा होतो तेव्हा आनंद, कृतज्ञता आणि स्मरण यांना उजाळा मिळतो. परंतु वर्षे मोजावयाची ती नेमकी कोठून, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कोनशिला बसविली त्या दिवसापासून, पहिली उपासना झाली तेव्हापासून, पहिला बाप्तिस्मा झाला त्या वर्षापासून, की मंडळी आजच्या धर्मसंस्थेत सामील झाली तेव्हापासून? प्रत्येक उत्तरातून मंडळीचे वय तर बदलतेच, शिवाय तिचा संस्थापक कोण आणि तिच्या इतिहासाचे वारस कोण, हेही बदलते. जालना परिसरातील प्रोटेस्टंट ख्रिस्ती परंपरा ही या प्रश्नाच्या अभ्यासासाठी अत्यंत उद्बोधक आहे. येथे छावणीची अँग्लिकन परंपरा, स्कॉटिश मिशनची वडीलप्रधान परंपरा आणि १९७० नंतरची बिशपप्रधान व्यवस्था असे तीन प्रवाह एकत्र आलेले दिसतात. या प्रवाहांच्या आधारे मंडळीजीवनाचे स्वरूप आणि वर्धापनोत्सवांचा सामाजिक अर्थ स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'बिशप' आणि 'वडील' : दोन व्यवस्था

ख्रिस्ती धर्मसंस्थांचे वर्गीकरण जसे श्रद्धाविचारांवरून होते, तसे कारभाराच्या पद्धतीवरूनही होते. ज्या संस्थेत बिशपकडे देखरेखीचा, दीक्षा देण्याचा आणि दृढीकरणाचा अधिकार असतो तिला एपिस्कोपल, म्हणजे बिशपप्रधान, म्हटले जाते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'देखरेख करणारा' असा असून मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'अध्यक्ष' हा शब्द योजिला आहे. याउलट प्रेसबिटेरियन पद्धतीत निवडलेल्या वडिलांचे मंडळ सामूहिकपणे कारभार पाहते. स्कॉटलंडमध्ये सतराव्या शतकात या दोन पद्धतींच्या पुरस्कर्त्यांत दीर्घ संघर्ष झाला आणि १६९० मध्ये तेथील राष्ट्रीय चर्चने वडीलप्रधान व्यवस्था कायम केली. जालन्यात मिशनकार्य उभे राहिले ते याच स्कॉटिश परंपरेच्या एका शाखेतर्फे. त्यामुळे बिशप न मानणाऱ्या परंपरेत जन्मलेली मंडळी पुढे बिशपच्या देखरेखीखाली कशी आली, हे जाणून घेणे महत्त्वाचे ठरते.

रेव्हरंड नारायण शेषाद्री आणि बेथेल

एकोणिसाव्या शतकात जालना हे निजामाच्या हैदराबाद राज्यातील व्यापारी गाव होते आणि गावालगत हैदराबाद कॉन्टिन्जन्टची छावणी होती. छावणीतील युरोपीय अधिकाऱ्यांची उपासना इंग्रजीत चाले. तिचा परिसरातील शेतकरी व श्रमिक जातींशी फारसा संबंध नव्हता. मराठी भाषक मंडळीचा आरंभ निराळ्या मार्गाने झाला, आणि तो एका भारतीयाने केला ही बाब लक्षणीय आहे.

ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले नारायण शेषाद्री मुंबईत स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकले. १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून फ्री चर्चची स्थापना झाली होती आणि मुंबईतील जॉन विल्सन, रॉबर्ट नेस्बिट आदी मिशनरी फ्री चर्चकडे गेले होते. शेषाद्रींचे धाकटे बंधू श्रीपत हे अल्पवयीन असल्याने त्यांचा ताबा कोणाकडे असावा हा वाद न्यायालयात गेला. श्रीपत घरी परतल्यानंतर त्यांना प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि त्यावरून मुंबईच्या हिंदू समाजात मोठे वादळ उठले. म्हणजेच जालन्याच्या मंडळीच्या संस्थापकाचे चरित्र मराठी प्रबोधनाच्या इतिहासाशी थेट जोडलेले आहे.

१८६० च्या दशकात शेषाद्रींनी जालना हे कार्यक्षेत्र निवडले. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग (कारकीर्द १८५३ ते १८८३) यांच्या काळात निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी ख्रिस्ती वसाहत उभारली आणि तिला 'बेथेल' हे नाव दिले. बेथेल या हिब्रू शब्दाचा अर्थ 'देवाचे घर'. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब उशाशी घेतलेला धोंडा स्मारक म्हणून उभा करतो, त्यावर तेल ओततो आणि त्या स्थळाला हे नाव देतो. स्मरणासाठी दगड उभारण्याची ही कथा वर्धापनाच्या कल्पनेशी किती जवळची आहे, हे वेगळे सांगावयास नको. बेथेलमध्ये आलेली कुटुंबे मुख्यतः मातंग समाजातील होती. तत्कालीन नोंदींत त्यांचा उल्लेख 'मांग' असा येतो. गावगाड्यात ज्यांना जमीन आणि प्रतिष्ठा दोन्ही दुर्मीळ होती, त्यांना येथे शेती, शाळा आणि प्रार्थनागृह एकाच वस्तीत लाभले. शेषाद्रींनी १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत भारतीय ख्रिस्ती मंडळीची बाजू मांडली. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९७० चे ऐक्य

शेषाद्रींनंतरच्या काळात मातृसंस्थेची नावे वारंवार बदलली. फ्री चर्च १९०० मध्ये युनायटेड फ्री चर्चमध्ये व हे १९२९ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये विलीन झाले. भारतात १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांची युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया ही संस्था स्थापन झाली. दुसऱ्या बाजूला अँग्लिकन चर्चनेही आपले स्वरूप पालटले. १९२७ च्या इंडियन चर्च कायद्यानुसार १९३० मध्ये ते इंग्लंडच्या चर्चपासून कायदेशीररीत्या विलग झाले. शेजारच्या औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने रतनजी नौरोजी या पारशी कुळातील धर्मगुरूंनी उभारलेले कार्य याच अँग्लिकन परंपरेतील होते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा संस्थांच्या ऐक्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, मेथडिस्ट (ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेची शाखा), ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशा परंपरांच्या मंडळ्या त्यात आल्या. या संस्थेने बिशपपद स्वीकारले, परंतु ते घटनेच्या चौकटीत. निर्णयप्रक्रियेत वडील व सामान्य सभासद यांचे स्थान राखले गेले. बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धतींना मान्यता मिळाली. वडीलप्रधान परंपरेत वाढलेल्या मंडळ्यांत बिशपची भेट, दृढीकरणाचा विधी आणि धर्मप्रांताची रचना या गोष्टी रूढ झाल्या त्या या टप्प्यावर. पूर्वीचे वडीलमंडळ नाहीसे झाले नाही. त्याचे कार्य पास्टरेट कमिटीत चालू राहिले.

मंडळीजीवनाचे स्वरूप

मराठी ख्रिस्ती लोक 'चर्च' हा शब्द बहुधा इमारतीसाठी आणि 'मंडळी' हा शब्द माणसांसाठी वापरतात. हा भेद अर्थपूर्ण आहे. मंडळीचा आठवडा शब्बाथाच्या उपासनेभोवती फिरतो. मुलांसाठी शब्बाथ शाळा, स्त्रियांच्या व तरुणांच्या सभा, घरोघरच्या प्रार्थनासभा ही त्याची अंगे होत. वर्षाचे चक्र नाताळ, उपवासकाळ, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानदिन यांनी बांधलेले असते. कृषिप्रधान भागात कापणीच्या सणाला विशेष स्थान आहे. पहिले धान्य, फळे, भाजीपाला वेदीपुढे अर्पण केला जातो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होऊन रक्कम मंडळीच्या कार्यास दिली जाते.

उपासनेची भाषा आणि संगीत यांतही स्थानिक मातीचा गंध आढळतो. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात पाश्चात्त्य चालींवरील गीतांबरोबर मराठी वृत्तांतील भजनेही आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८९५ मध्ये बाप्तिस्मा) अभंग, कीर्तन व भजन या संतपरंपरेच्या प्रकारांना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान दिले. पेटी, टाळ आणि तबल्याच्या साथीने चालणारी भजने म्हणूनच परकी वाटत नाहीत.

वर्धापनोत्सव : कल्पना आणि रचना

पन्नासाव्या वर्षाला पवित्र मानण्याची कल्पना बायबलमधील लेवीय पुस्तकातून येते. योबेल वर्षी रणशिंग फुंकून दास्यमुक्तीची घोषणा करावी आणि विकलेली जमीन मूळ कुटुंबाला परत मिळावी असा तेथे नियम आहे. 'ज्युबिली' हा शब्द त्यातूनच आला. मराठी मंडळ्यांनी ही कल्पना रौप्य, सुवर्ण, हीरक, अमृत आणि शताब्दी या सर्वपरिचित संज्ञांत सामावून घेतली. उत्सवाची रूपरेषाही ठरलेली असते : इमारतीची डागडुजी व रंगरंगोटी, बिशपांच्या हस्ते उपकारस्तुतीची उपासना, स्मृतिफलकाचे अनावरण, ज्येष्ठांचा सत्कार, प्रीतिभोजन आणि स्मरणिकेचे प्रकाशन. पुणे-मुंबईकडे स्थलांतरित झालेली कुटुंबे या निमित्ताने गावी येतात.

मात्र योबेलमध्ये केवळ स्मरण नसून परतफेड आहे. ज्यांचे हिरावले गेले त्यांना ते परत मिळावे, ही त्यामागील मूळ भूमिका होय. या निकषावर उत्सवांकडे पाहिले की आरंभाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलची योजना गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर यांच्या काळात, सतराव्या शतकात, आखली गेली. भिंती अनेक दशके अर्धवट राहिल्या आणि रिचर्ड कॉब यांच्या प्रयत्नाने २५ डिसेंबर १७१८ रोजी ते उपासनेसाठी खुले झाले. तीनशे वर्षे मोजली जातात ती १७१८ पासून, ऑन्जिअरपासून नव्हे. जुन्या हैदराबाद राज्यातीलच मेदक येथील भव्य चर्च वेस्लियन मेथडिस्ट मिशनने बांधले आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी त्याचे समर्पण झाले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ साउथ इंडियात ते बिशपचे कॅथीड्रल ठरले. वास्तू तीच राहिली, तिची संस्थात्मक ओळख बदलली.

जालन्याच्या बाबतीत निवड अधिक अवघड आहे. छावणीपासून गणना केल्यास इतिहास जुना ठरतो, परंतु तो राज्यकर्त्यांच्या उपासनेचा इतिहास होतो. शेषाद्रींच्या आगमनापासून मोजल्यास एक थोर व्यक्ती केंद्रस्थानी येते. बेथेलच्या वसाहतीपासून मोजल्यास तेथे राहावयास आलेली कुटुंबे संस्थापक ठरतात. १९७० पासून मोजल्यास ऐक्याचा गौरव होतो, पण आधीच्या शतकाहून अधिक काळाचा विसर पडण्याचा धोका राहतो. यांपैकी कोणतीही गणना असत्य नाही. परंतु स्मृतिफलकावर कोणाची नावे कोरली जातील हे मात्र त्या निवडीवर अवलंबून असते.

नोंदवह्यांचे मोल आणि जोखीम

आरंभाच्या प्रश्नाचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे मंडळीच्या नोंदवह्या. बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि दफन यांच्या नोंदी मंडळ्या पिढ्यान्‌पिढ्या ठेवीत आल्या आहेत. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार विवाहाची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत सामान्यतः नाव, आईवडिलांची नावे, गाव आणि दिनांक असतो. ज्यांच्या पूर्वजांकडे ना सातबारा होता ना बखर, अशा कुटुंबांसाठी ही नोंद वंशाचा आद्य लेखी पुरावा ठरू शकते. ग्रामीण समाजेतिहासाच्या अभ्यासकाला यातून स्थलांतर, साक्षरता, नामकरण आणि मृत्यूमान यांविषयी माहिती मिळते.

परंतु याच नोंदीची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती व मुस्लिमांचा झाला नाही. या प्रश्नाच्या परीक्षणासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्यामुळे मातंग पूर्वपरंपरेच्या कुटुंबाला बाप्तिस्म्याची नोंद जितकी अभिमानाची, तितकीच सवलतींच्या दृष्टीने अडचणीची ठरू शकते. उपासनेस येणारी व्यक्ती स्मरणिकेत नाव छापू नये अशी विनंती करते तेव्हा त्यामागे श्रद्धेची उणीव आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. उत्सवात ज्यांचे नाव सर्वांत आधी यावयास हवे, त्यांनाच कधी कधी ते झाकावे लागते, हा या विषयातील खरा पेच आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, जालन्याच्या मंडळीचा इतिहास एका आरंभाचा नसून अनेक आरंभांचा आहे. वर्धापनोत्सव साजरा करताना कोणत्या घटनेपासून आणि कोणत्या पुराव्यावरून वर्षे मोजली, याचा स्मरणिकेत स्पष्ट निर्देश असावा. दुसरी, बिशपप्रधान व्यवस्था ही येथे बाहेरून लादलेली नसून १९७० च्या ऐक्यातून स्वीकारलेली आहे आणि तिच्यात वडीलप्रधान परंपरेचे अंश टिकून आहेत. तिसरी, इमारतीच्या रंगरंगोटीइतकीच नोंदवह्यांच्या जतनाची निकड आहे. कसर, ओल आणि हाताळणी यांमुळे कागद झिजतो. त्याचे छायांकन वेळेत झाले पाहिजे.

या कामी जिल्ह्यातील महाविद्यालयांचे इतिहास, समाजशास्त्र व मराठी विभाग मोलाचे साहाय्य करू शकतील. ज्येष्ठांच्या मौखिक आठवणींचे संकलन, दफनभूमीतील शिलालेखांची नोंद आणि नोंदवह्यांचे छायांकन हे प्रकल्प पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांनाही झेपण्याजोगे आहेत. मात्र हयात व्यक्तींची आणि त्यांच्या निकटच्या कुटुंबीयांची नावे संमतीविना प्रसिद्ध करू नयेत, हे पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. योबेलची शिकवण हिरावलेले परत देण्याची आहे. बेथेलमध्ये प्रथम नांगर धरणाऱ्या कुटुंबांना त्यांचा इतिहास, त्यांच्या इच्छेनुसार आणि त्यांच्या शब्दांत परत मिळाला, तरच पुढील वर्धापनोत्सव खऱ्या अर्थाने मंडळीचा उत्सव ठरेल.