जावास्क्रिप्टमधील सुसंगती

संगणकीय भाषेच्या एका आवृत्तीत लिहिलेली आज्ञावली त्याच भाषेची दुसरी आवृत्ती जाणणाऱ्या यंत्रणेवर चालण्याचा गुणधर्म. जुनी आज्ञावली नव्या यंत्रणेवर चालते, तेव्हा तीस पश्चगामी सुसंगती म्हणतात. जुनी यंत्रणा नव्या आज्ञावलीतील अपरिचित भाग वगळून उरलेले काम करू शकते, तेव्हा तीस अग्रगामी सुसंगती म्हणतात. जावास्क्रिप्टमध्ये पहिली कसोशीने पाळली जाते; दुसरी जवळजवळ नाही.

ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार केली. १९९७ मध्ये एक्मा-२६२ या नावाने तिचे प्रमाणक प्रसिद्ध झाले. महाजालावरील जुनी पाने त्यांचे कर्ते पुन्हा सुधारतीलच असे नसल्याने भाषेतील रूढ वर्तन बदलता येत नाही. ‘नल’ या मूल्याचा प्रकार ‘ऑब्जेक्ट’ असा सांगितला जातो, ही उघड चूकही त्यामुळेच कायम राहिली. सारण्यांसाठी ‘फ्लॅटन’ ही नवी क्रिया आणताना मूटूल्स या जुन्या संग्रहातील त्याच नावाच्या क्रियेशी विरोध येऊन पाने बिघडू शकतात, असे २०१८ मध्ये आढळले. तेव्हा २०१९ च्या प्रमाणकात तिचे नाव ‘फ्लॅट’ असे ठेवण्यात आले.

उलट दिशेने स्थिती बिकट आहे. एचटीएमएलमधील अनोळखी खूण दुर्लक्षून ब्राउझर पुढे जातो. जावास्क्रिप्टच्या फाइलीत मात्र वाक्यरचनेचा एकच अनोळखी घटक आढळला, तरी संपूर्ण फाइल नाकारली जाते. मग तो भाग प्रत्यक्षात कधीच वापरला जाणार नसला तरीही. जुना फोन वापरणाऱ्याला अशा वेळी कोरे पान दिसू शकते. २०१५ पासून प्रमाणकाची नवी आवृत्ती दरवर्षी निघू लागल्याने हा प्रश्न नित्याचा झाला.

त्यावरील उपाय म्हणजे नवी रचना २००९ च्या पाचव्या आवृत्तीसारख्या जुन्या रूपात आधीच भाषांतरित करणे. बेबेल ही अशी आज्ञावली २०१४ मध्ये ‘६टू५’ या नावाने निघाली. हे काम शब्दाला शब्द ठेवण्याचे नव्हे. ‘लेट’ने घोषित केलेले चल आपल्या खंडापुरते मर्यादित असते आणि आवर्तनाच्या प्रत्येक फेरीत नवे निर्माण होते, ‘व्हार’चे तसे नसते. म्हणून गरज पडल्यास भाषांतरकाला फेरीतील मजकूर स्वतंत्र फंक्शनमध्ये गुंडाळावा लागतो.

भाषांतराने केवळ वाक्यरचना बदलते. ‘प्रॉमिस’सारख्या अंगभूत सुविधा जुन्या ब्राउझरात मुळातच नसतात, त्या जुन्याच भाषेत लिहून पुरवाव्या लागतात. अशा पुरवणीस रेमी शार्प यांनी, भिंतीच्या भेगा बुजविण्याच्या एका ब्रिटिश लांबीच्या नावावरून, ‘पॉलीफिल’ हे नाव दिले. ‘प्रॉक्सी’ची उणीव मात्र अशी पूर्णपणे भरून काढता येत नाही.

भाषांतरित फाइली आकाराने वाढतात व त्याचा भार नवे ब्राउझर वापरणाऱ्यांवरही विनाकारण पडतो. म्हणून काही ठिकाणी दोन प्रती ठेवतात. ‘मोड्यूल’ प्रकारची फाइल जुने ब्राउझर वगळतात, तर ‘नोमोड्यूल’ अशी खूण असलेली फाइल नवे वगळतात. एचटीएमएलच्या सहिष्णुतेचाच हा चतुर उपयोग होय. पाचव्या आवृत्तीचा आग्रह मुख्यत्वे इंटरनेट एक्स्प्लोरर ११ मुळे टिकून होता. त्याचे बहुतेक विंडोज १० संचांवरील पाठबळ मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी थांबविले. तरी अनेक प्रकल्पांत ते जुने लक्ष्य केवळ सवयीने चालू ठेवलेले आढळते.